मासे हर्णैला खा

“मावशी, या सगळ्या बायकांशी आपला काही संबंध नाही, असं लिहून द्यावं लागेल,” केदार म्हणाला.

वैजू ओटीवर कुळीथ निवडत बसली होती. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि आधी माझ्याकडे बघितलं. हे मीच त्याला पढवून आणलंय असं तिला वाटलं असावं. मी उठून पंखा उगाच कमी-जास्त केला.

“कोणाला लिहून द्यायचं?” तिनं विचारलं.

“सर्च इंजिनला.”

“म्हणजे सासूबाईंना.”

केदारला हसू आलं, पण त्यानं ते आवरलं. केदार म्हणजे वैजूच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. पुण्यात वेबसाइट बनवणाऱ्या एका कंपनीत होता. आमच्या घराची साइट त्यानंच करून दिली होती आणि ती आजारी पडली म्हणून तो मुद्दाम आंजर्ल्याला आला होता. आजारी हा त्याचाच शब्द. कोणी ‘आंजर्ले राहण्याची सोय’ असं शोधलं की वर्षभर पहिल्या पानावर आमचं नाव यायचं. गणपतीनंतर एकदम ते कुठल्या कुठे गेलं. मी एकदा पान उलटत उलटत शोधलं आणि कंटाळून सोडून दिलं. दिवाळी तोंडावर आली होती आणि फोन वाजत नव्हता.

मी एसटीच्या दापोली डेपोत मेकॅनिक होतो. निवृत्त झाल्यावर जे मिळालं ते सगळं घराच्या मागच्या अंगाला चार खोल्या बांधण्यात घातलं. त्या खोल्यांवर आमचं घर चालायचं आणि त्या खोल्या त्या साइटवर चालायच्या. तेव्हा काळजी दोघांनाही होती. फक्त मला ती तोंडावर दाखवता यायची नाही आणि तिला लपवता यायची नाही.

सर्च इंजिनला सासूबाई हे नाव वैजूचं. सुरुवातीला केदारनं तिला सांगितलं होतं, की मशीन शब्द मोजतं. लोक जे शब्द शोधतात ते आपल्या पानावर हवेत. वैजूनं ते इतकं मनावर घेतलं, की आमच्या साइटवर एकही वाक्य गावाच्या नावाशिवाय राहिलं नाही. आंजर्ल्याच्या आमच्या आंजर्ल्यातल्या घरी आंजर्ल्याचं पाणी गोड आहे, असं काहीतरी ती लिहायची. साताऱ्याच्या एका पाहुण्यानं फोनवर विचारलंही, की बाई, आम्हाला गाव माहीत आहे, पत्ता सांगा. पण साइट वर आली. मग सहा-आठ महिन्यांत केदारचा फोन आला, की आता तसं चालत नाही. एकच शब्द फार वेळा आला की मशीन रागावतं. वैजूनं बसून सगळी आंजर्ली काढली आणि म्हणाली, “अगदी तुमच्या आईसारखं आहे हो. आज चहात आलं का नाही, उद्या चहात आलं का. आणि आपल्याला सांगायचं नाही काय हवंय ते. आपण तोंडाकडे बघून ओळखायचं.”

माझी आई तशी होती, हे मी नाकारत नाही.

शब्दांनंतर लिंकांची पाळी आली. केदार म्हणाला, दुसऱ्या लोकांनी त्यांच्या साइटवर आपलं नाव द्यायला हवं. जितके जास्त लोक आपलं नाव घेतील, तितके आपण मोठे. हे वैजूला फार पटलं. संक्रांत जवळ आली होती. तिनं किनाऱ्यावरच्या ज्या ज्या बायका पाहुणे ठेवत होत्या त्या सगळ्यांना हळदीकुंकवाला बोलावलं. केळशीची रेहाना मुकादम आली, मुरुडच्या आशा बर्वे आल्या, हर्णैची लीला पावसे आली. आणखीही पुष्कळ आल्या. तिळगूळ झाल्यावर वैजूनं सांगितलं, की यंदा वाण म्हणून वाटी-चमचा नाही. मी तुमचं नाव माझ्या साइटवर लावते, तुम्ही माझं तुमच्या साइटवर लावा. बायका खूश झाल्या. कोणी काय लिहावं हा प्रश्न आला तेव्हा वैजूनं एक वाक्य सांगितलं आणि सगळ्यांनी ते उखाण्यासारखं पाठ करून नेलं. ‘आंजर्ल्यात राहावं तर मयेकरांकडेच.’ तिच्या हिशेबानं आरती जशी सगळ्यांनी एका सुरात म्हणायची, तसंच हे.

नेमकं तेच नडलं होतं. केदारनं लॅपटॉप आमच्याकडे फिरवून दाखवलं. सगळीकडे आमचं नाव, सगळीकडे तेच वाक्य, अक्षर न अक्षर तेच. मशीनला वाटलं, ही नावं पैसे देऊन लावून घेतली आहेत. आता त्याचे नियम बदलले होते आणि अशा साइटना ते खाली ढकलत होतं. उपाय दोन होते. आपल्या पानावरून त्यांची नावं काढायची, आणि त्यांच्या पानांवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंका आमच्या म्हणून धरू नका, असं मशीनला कळवायचं. त्यासाठी नवीनच सोय निघाली होती.

“मग हे त्या बायकांना दिसणार?” वैजूनं विचारलं.

“नाही मावशी. फक्त मशीनला.”

“म्हणजे मी त्यांच्या पाठीमागे सांगायचं, की मी यांना ओळखत नाही.”

केदारनं समजावलं, की हा ओळखीचा प्रश्नच नाही, हा नुसता हिशेब आहे. मीही त्याचीच बाजू घेतली. म्हटलं, अगं, दिवाळीच्या खोल्या रिकाम्या राहिल्या तर त्या बायका येऊन भरणार आहेत का? तिनं कुळीथ पुन्हा पुढ्यात ओढले. जेवताना मात्र तिनं निकाल दिला. लिहून देऊ, पण आधी प्रत्येकीला तोंडानं सांगून. वाण दिलंय, ते परत घ्यायचं तर विचारून घ्यायचं.

केदार म्हणाला, फोन कर. ती म्हणाली, वाण फोनवर दिलं नव्हतं.

लांबच्या बायकांना शेवटी तिनं फोनच केले. पण केळशी, मुरुड आणि हर्णैला जाऊनच सांगायचं ठरलं. सकाळी मी स्कूटर काढली आणि आम्ही आधी केळशीला गेलो.

रेहाना अंगणात मिरच्या पसरत होती. वैजूनं रस्ताभर जुळवलेलं सगळं एका दमात तिला सांगितलं. रेहाना ऐकून घेत राहिली आणि मग पोट धरून हसायला लागली. तिची साइट कधीच बंद पडली होती. वर्षाचे पैसे भरायचे असतात हे ती विसरली होती. “माझं नाव खुशाल काढ. मी तिथं नाहीच आहे,” ती म्हणाली. “पण वैजूताई, तू एवढ्यासाठी उन्हातून आलीस? मयेकर, तुम्ही तरी सांगायचं.” मी म्हटलं, माझं ऐकलं असतं तर आम्ही आत्ता घरी जेवत असतो. तिनं आम्हाला चहा आणि नारळाच्या वड्या खायला घातल्या आणि वर थोड्या बांधून दिल्या.

तिथून उलटे फिरून मुरुडला. आशा बर्वे वयानं मोठ्या आणि रागीट. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलंच नाही. संबंध नाही असं लिहून देणार, एवढं ऐकल्यावर त्या उठून आत गेल्या. आम्ही ओटीवर बसून राहिलो. आतून भांड्यांचे आवाज यायला लागले. मी वैजूला खुणेनं विचारलं, निघायचं का? तिनं मानेनं नाही म्हटलं. थोड्या वेळानं बर्वेबाई दोन पानं वाढून घेऊन आल्या. आमटीभात, भरली वांगी. समोर बसून म्हणाल्या, “त्या मशीनला तुला काय सांगायचं ते सांग. मला सांगत बसू नकोस. उद्या शाकाहारी माणूस आला तर पाठवणार आहेस की नाही?”

“पाठवीन की.”

“मग झालं. भात घे.”

परतीच्या वाटेवर वैजू मागे बसून गुणगुणत होती. सकाळचा ताण उतरला होता. लीलाचं घर तिनं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण तिथं तिला सगळ्यात कमी भीती वाटत होती. लीला तिच्या सगळ्यात जवळची.

या दोघींची गंमत सांगायला हवी. वैजू घाटावरची, वाईची. माशांचं तिला कधी जमलं नाही. बांगड्याला ती मटणाचा मसाला लावायची. मी इतकी वर्षं ते खाल्लं आणि नाव ठेवलं नाही, म्हणजे फारसं ठेवलं नाही. पाहुण्यांपुढे मात्र ते ठेवता येईना. म्हणून साइटवर तिनं चक्क लिहून टाकलं होतं, ‘आमच्याकडे घरचं साधं जेवण मिळेल. मासे मला नीट जमत नाहीत. मासे हर्णैला लीला पावसेंकडे खा. बंदरावरून आलेला मासा ती तासाभरात पानात वाढते. सुरमई तळलेली मागा, आणि बांगड्याचं तिखलं असेल तर सोडू नका.’ त्या वेळीही केदारनं डोक्याला हात लावला होता. स्वतःच्या साइटवर मला जमत नाही असं कोण लिहितं? वैजू म्हणाली होती, ज्याला जमत नाही तो लिहितो.

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळचा लिलाव चालू होता. होड्या लागल्या होत्या, टोपल्या उतरत होत्या, बायकांची बोली चढत होती. लीला आम्हाला तिथंच सापडली. तिचा थोरला मुलगा प्रवीण बरोबर होता. त्यांच्या खोल्यांचं आणि साइटचं तोच बघायचा. वैजूनं हसत हसत सुरुवात केली, की एक मोठा गुन्हा करायला तुझी परवानगी हवी आहे. आणि सगळं सांगितलं.

लीला हसली नाही. तिनं प्रवीणकडे बघितलं. प्रवीण चपलेनं वाळू उकरायला लागला.

“काकी, आम्ही ते गणपती झाल्या झाल्याच केलं,” तो म्हणाला. “आमची साइट पण खाली गेली होती. रत्नागिरीच्या एकाला दाखवली. तो म्हणाला सगळ्यांची नावं काढा आणि तसं कळवा. तुमचं पण काढलं.”

“आईला विचारलं होतंस?” वैजूनं विचारलं.

उत्तर लीलानं दिलं. “विचारलं होतं. मी हो म्हटलं.” मग टोपली सारखी करत, “तुला सांगायला तोंड झालं नाही.”

मी वैजूकडे बघायचं टाळलं. खरं तर तक्रार करण्यासारखं काही नव्हतंच. आम्ही जे करायला निघालो होतो तेच त्यांनी केलं होतं. फक्त त्यांनी न सांगता केलं होतं. वैजू म्हणाली, बरं झालं, म्हणजे आता आम्हालाही मोकळं वाटेल. आवाज नेहमीचाच होता. मग तिनं लीलाच्या टोपलीतले बांगडे घेतले. लीला पैसे नको म्हणाली. वैजूनं भाव विचारला आणि सांगितला तेवढा दिला. या दोघींचा व्यवहार मी वर्षानुवर्षं बघत होतो. घासाघीस केल्याशिवाय वैजूनं तिच्याकडून कधी कोळंबीसुद्धा घेतली नव्हती. भाव करता करता निम्म्या गावाच्या बातम्या व्हायच्या. त्या दिवशी पैसे दिले, पिशवी घेतली आणि ती स्कूटरकडे चालायला लागली. लीला टोपलीपाशी उभी राहिली.

खाडीच्या पुलावर मी मुद्दाम म्हटलं, की आज तिखलं कर, बघू जमतं का. घरी येऊन तिनं बांगड्याला मटणाचाच मसाला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी केदार परत निघायच्या आधी काम उरकायला बसला. वैजू एकेकीचं नाव सांगत होती आणि तो लिहीत होता. रेहाना, बर्वेबाई, फोनवर ज्यांनी होकार दिला होता त्या सगळ्या. मग आमच्या पानावरूनही तो एकेक नाव पुसायला लागला. लीलाच्या नावाशी आला तेव्हा वैजू म्हणाली, “ते राहू दे.”

केदारला वाटलं, तिला समजलं नाही. त्यानं सांगितलं, की त्यांनी आपलं नाव कधीच काढलंय, तेव्हा हे ठेवण्यात आपला काही फायदा नाही.

“माहीत आहे. राहू दे.”

आता मला राग आला. एवढा प्रवास करून, सगळ्यांना सांगून झाल्यावर, जिनं गुपचूप तोडलं तिचंच ठेवायचं? मी म्हटलं, रेहानाचं ठेव, बर्वेबाईंचं ठेव. त्यांनी तुला जेवायला घातलं. लीलाचं कशाला?

“त्यांचं काढलं तरी काही होत नाही म्हणूनच काढलं,” ती म्हणाली. “त्या उद्या रस्त्यात भेटल्या तर हाक मारतील. लीला नाही मारणार. तिला लाज वाटत्ये. ती आता इकडे फिरकणार नाही, बंदरावर मला बघून तोंड फिरवील. तिनं तोडलं म्हणून मीही तोडलं, तर राहिलं काय? एका बाजूनं तरी राहू दे.”

“आणि पाहुणे?”

“मासे खाणारे तिच्याकडेच जातील. मला अजून जमत नाहीत. काल बघितलंत ना?”

काल बघितलं होतं. मी केदारकडे वळून विचारलं, याच्यानं आपलं नुकसान होईल का. तो म्हणाला, एकतर्फी आहे, देवाणघेवाण नाही, तेव्हा धोका नाही. मग लॅपटॉप बंद करता करता म्हणाला, “मावशी, तुझ्यासारखं गिऱ्हाईक कंपनीत सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही.”

साइट लगेच वर आली नाही. त्या दिवाळीला निम्म्या खोल्या रिकाम्याच राहिल्या आणि मी पुष्कळ कुरकुर केली. जे पाहुणे आले त्यांतले मासे खाणारे वैजूनं न चुकता हर्णैला पाठवले. लीलाकडून कोणी आलं नाही आणि लीलाही आली नाही.

ती आली थंडीत. दुपारी फाटक वाजलं. बघतो तर लीला, डोक्यावर पाटी. माझ्याशी एक अक्षर न बोलता ती माजघरातून थेट स्वयंपाकघरात गेली. साइटचा, प्रवीणचा, कशाचाही विषय निघाला नाही. मला ऐकू आलं ते एवढंच, “सरक. पुण्याची माणसं येतात आणि सांगतात, मयेकरबाईंनी लिहिलंय तिखलं सोडू नका. रोज रोज करून मरत्ये मी. आज तू शीक.”

मग संध्याकाळपर्यंत दोघी भांडत होत्या. तिरफळं किती, आमसुलं कधी, मसाला मुळात घालायचाच की नाही. वैजूला त्या दिवशी जमलं नाही. पुढेही नाही जमलं. पण लीला दर आठवड्याला शिकवायला येत राहिली.

दोनेक वर्षं गेली असतील. एकदा केदारचा फोन आला, आवाजावरूनच खूश. सासूबाईंचं मन पुन्हा बदललं होतं. आता शब्द नकोत, लिंकांची मोजदाद नको. लोक जे विचारतात त्याचं खरं उत्तर ज्याच्या पानावर असेल त्याला वर घ्यायचं. आणि लोक विचारत होते, की या बाजूला चांगले मासे कुठे खायचे. आमची साइट वर आली होती ती वैजूच्या त्या चार ओळींमुळे. लोक मासे शोधत यायचे आणि जाता जाता आमच्या खोल्या बघायचे. मी तिला ते सांगितलं. तिला विशेष काही वाटलं नाही. म्हणाली, चला, सासूबाईंना एकदाचं काहीतरी आवडलं.

वैजू जाऊन आता दीड वर्ष होईल. आजार लहानसा वाटला आणि तो लहान नव्हता. ती गेल्यावर मी खोल्यांना कुलूप लावलं. पाहुण्यांशी बोलणं तिचं काम होतं. मला मशीन दुरुस्त करता येतं. माणूस दारात आल्यावर काय बोलायचं ते मला अजून सुचत नाही.

गेल्या महिन्यात केदार आला. आता त्याचे केस पिकायला लागलेत. त्यानं खोल्या उघडायला लावल्या, गाद्या उन्हात टाकल्या आणि मग ओटीवर लॅपटॉप घेऊन बसला. सांगत होता, की आता सगळं पुन्हा बदललंय. लोक पान उघडतच नाहीत. फोनला विचारतात आणि फोनच उत्तर देतो. पण ते उत्तर तो कुठून तरी घेतो ना? जिथं माणसानं स्वतः अनुभवलेलं लिहिलेलं असतं, तिथून घ्यायला तो बघतो. म्हणून काका, जे लिहायचं ते तुमच्या अनुभवाचं लिहा. बाकी मी बघतो.

खोल्यांचं, पाण्याचं, गाडी कुठे लावायची त्याचं मी सांगत गेलो आणि तो टाइप करत गेला. मग तो थांबला. जेवणाच्या पानावर आला होता. ते पान वैजूचं होतं. ‘आमच्याकडे घरचं साधं जेवण मिळेल,’ तिथून सुरू होणारं. तो माझ्याकडे बघत नव्हता.

“इथं काय करायचं काका?” त्यानं हळूच विचारलं. “जेवण मिळेल, हे आता...”

मी म्हटलं, पहिली ओळ काढ. मासे मला जमत नाहीत, ही राहू दे, ती मलाही लागू आहे. लीलाच्या सगळ्या ओळी राहू देत.

त्यानं तसं केलं. “आणि तुमच्या अनुभवाचं काही?”

मी उठून पंखा उगाच कमी-जास्त केला.

“खाली लिही,” मी म्हटलं. “मी रोज तिथंच जेवतो.”